प्रेरणा तर मिळाली, पण सुरुवात कुठून करू? ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी

कुणाचं तरी भाषण ऐकलं, एखादी मुलाखत बघितली की आतून हलल्यासारखं होतं ना, डोळ्यात पाणी येतं, वाटतं की बास, आता आपणही काहीतरी करायचंच. दोन दिवस ते टिकतं. तिसऱ्या दिवशी ऑफिस, घर, मुलांचा अभ्यास, आणि ते सगळं कुठे विरून गेलं तेही कळत नाही. माझं सहा-सात वर्षं हेच चाललं होतं. भिंतीवर फोटो होते, मोबाईलमध्ये व्हिडिओ सेव्ह केलेले होते, वाढदिवसाला एखाद्या संस्थेला देणगी द्यायचे, पण स्वतःच्या हाताने केलेलं असं काम काहीच नाही. आणि मला मनापासून वाटायचं की माझ्यातच जिद्द कमी आहे, ती माणसं वेगळ्याच मातीची असतात.

मग खूप उशिरा लक्षात आलं की मी त्यांच्या आयुष्याचा भलताच भाग वाचत होते. पुरस्कार, सभेला जमलेली गर्दी, उभी राहिलेली मोठी संस्था, हे सगळं तीस-चाळीस वर्षांनंतरचं आहे. ते वाचून छाती भरून येते, पण उद्या सकाळी उठून काय करायचं हे त्यातून कळत नाही, कळणारच नाही. ते कळतं सुरुवातीच्या दोन-चार वर्षांतून, जेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तर एखाद्या समाज बदलणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं वाचायचं, म्हणजे त्यातून आपलं पहिलं काम निघेल, हे मला जसं जमलं तसं सांगते.

आधी माणूस निवडायचा, आणि एकच निवडायचा

दहा जणांकडून प्रेरणा घेतली की कुणाचंच काही हाताला लागत नाही. एकच घ्या. आणि निवडताना कोण जास्त प्रसिद्ध आहे किंवा कुणाचं बोलणं जास्त भारी आहे हे बघू नका, आधी स्वतःकडे बघा की रोजच्या जगण्यात मला नेमकं काय खटकतं. नुसतं वाईट वाटतं अशी गोष्ट नको, वाईट तर आपल्याला शंभर गोष्टींचं वाटतं. जी दिसली की घरी येऊन तुम्ही कुणालातरी सांगता, परत परत सांगता, घरचे म्हणतात की झालं हिचं सुरू, ती गोष्ट. कुणाला म्हाताऱ्या माणसांशी लोक ज्या आवाजात बोलतात ते सहन होत नाही, कुणाला वाया जाणारं पाणी, कुणाला हुशार मुलीचं शिक्षण मध्येच थांबवलेलं. ती गोष्ट सापडली की मग त्या गोष्टीवर काम केलेला माणूस शोधायचा.

माझ्या बाबतीत हे उलटं झालं होतं. माझ्या भिंतीवर बाबा आमटेंचा फोटो होता आणि आजही त्यांच्याबद्दल मनात तेवढाच आदर आहे, पण मला स्वतःला रोज खटकत होतं ते वेगळंच. कागद. साध्या साध्या कागदांसाठी, एका सहीसाठी, एका झेरॉक्ससाठी लोकांना परत पाठवतात, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही किंवा ऑनलाईनचं जमत नाही ते मान खाली घालून परत जातात, हे बघून माझा संताप व्हायचा. मग मी कष्टकरी बायकांची 'सेवा' ही संघटना उभी करणाऱ्या इला भट्ट यांच्याबद्दल वाचायला घेतलं आणि पहिल्यांदा असं झालं की वाचता वाचता हातात पेन घ्यावासा वाटला.

मग त्यांच्या 'त्या' दिवसाच्या आधीची वर्षं शोधायची

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मला वाटतं म्हणून इथे जरा थांबते. उदाहरण रोझा पार्क्स यांचं घेऊया कारण ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते, आणि अर्धीच माहीत असते. १ डिसेंबर १९५५, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर, शिवणकाम करणारी एक कृष्णवर्णीय बाई दिवसभर काम करून दमलेली, बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार देते, तिला अटक होते आणि चळवळ उभी राहते. ही गोष्ट अशी ऐकली की आपल्याला वाटतं, एक धाडसाचा क्षण आला आणि सगळं झालं, आपल्याही आयुष्यात कधीतरी येईल असा क्षण, तोपर्यंत थांबूया.

पण त्या आधी बघा काय आहे. १९४३ पासून त्या तिथल्या नागरी हक्क संघटनेच्या शाखेच्या सेक्रेटरी होत्या. म्हणजे मिटिंगची टिपणं काढणं, पत्रं लिहिणं, अत्याचार झालेल्या लोकांकडे जाऊन त्यांची हकीकत लिहून घेणं. बारा वर्षं हे काम. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या तर नकार, परत गेल्या, परत नकार, शेवटी १९४५ मध्ये नोंद झाली. १९५५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे अटकेच्या काही महिने आधी, त्या हायलँडर नावाच्या प्रशिक्षण केंद्रात दोन आठवडे शिबिराला जाऊन आल्या होत्या. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला अगदी अशाच कारणासाठी अटक झालेली होती. पार्क्स यांनी स्वतः नंतर सांगितलंय की त्या दिवशी शरीराने काही विशेष दमल्या नव्हत्या, मुकाट्याने ऐकून घेण्याला कंटाळल्या होत्या.

आणि त्या रात्री काय झालं तेही बघा, मला तर हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. जो ॲन रॉबिन्सन नावाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन रातोरात हजारो पत्रकं छापली, सोमवारी बसमध्ये चढू नका एवढाच निरोप. सकाळी ती पत्रकं वाटली गेली. पुढे बहिष्कार ३८१ दिवस चालला, लोक मैलोनमैल चालत कामाला गेले, कुणाची गाडी कुठून कुणाला घेणार याचं वेळापत्रक कुणीतरी बसून बनवलं, ते रोज सांभाळलं. बसमध्ये बसून राहण्याचं धाडस आपल्याला जमेल का माहीत नाही. पण टिपणं काढणं, पत्रकं छापणं, कुणाला कोण नेणार याची यादी करणं, हे तर आपण ऑफिसात रोज करतो! तुमच्या निवडलेल्या माणसाच्या आयुष्यात अशी कामं शोधा जी तुम्हाला आज येतात. ती असतातच. गोष्ट सांगताना लोक ती गाळतात कारण ती ऐकायला रंगतदार नसतात.

वाचताना वहीत काय लिहायचं

एक साधी वही घ्या, मोबाईलमधल्या नोट्स नको, त्या परत उघडल्या जात नाहीत. मी चार-पाच प्रश्न लिहून ठेवले होते आणि उत्तरं सापडतील तशी भरत गेले. सुरुवात केली तेव्हा त्यांच्या हातात आधीपासून काय होतं? त्यांनी लोकांना काय विचारलं? सोबत कोण होतं? कशात अपयश आलं? आणि कशाची भीती वाटत होती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बघायला महाडच्या चवदार तळ्यासारखं उदाहरण नाही. आपण फक्त २० मार्च १९२७ लक्षात ठेवतो, बाबासाहेब हजारो लोकांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पण त्याच्या आधी १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतलेला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केलेला होता. हक्क कागदावर आलेला होता, वापरता येत नव्हता. बाबासाहेबांनी तो कागदावरचा हक्क पायाखालच्या जमिनीवर आणला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं, कोर्टकचेरी झाली आणि हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं. यातून मी माझ्यासाठी हे घेतलं की नवीन काही मागण्याआधी, लोकांना आधीच काय मिळालेलं आहे पण पोचलेलं नाही ते तपासायचं. कुठलाही प्रश्न घ्या, त्यावर एखादा नियम, एखादी योजना, एखादा ठराव बऱ्याचदा आधीच असतो, आणि तिथून सुरुवात केली की निम्मं भांडण कमी होतं.

दुसरा प्रश्न, लोकांना काय विचारलं. केनियाच्या वांगारी मथाई यांचं बघा. झाडं लावणारी बाई म्हणून आपण ओळखतो, पण झाडं ही त्यांच्या डोक्यातून आलेली हौस नव्हती. गावातल्या बायका सांगत होत्या की सरपण मिळत नाही, पाणी मिळत नाही, पोटाला धड मिळत नाही, हातात पैसा नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि या सगळ्याला जोडणारं एक काम शोधलं, रोपं तयार करा आणि लावा. जगलेल्या प्रत्येक रोपामागे बायकांना थोडे पैसे मिळायचे. लावलेल्या नाही, जगलेल्या! ५ जून १९७७ ला सुरुवात झाली ती सात झाडांनी. त्याआधी त्यांचा रोपवाटिकेचाच एक प्रयत्न पैशाअभावी बंदही पडलेला होता. २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा कोट्यवधी झाडं झाली होती, पण आपल्या वहीत सात लिहायचे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचंही तसंच, १९८६ पासून गडचिरोलीत. लोक दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनी लोकांनाच विचारलं. मोठी इमारत, परकं वातावरण याची भीती वाटते असं कळल्यावर दवाखाना लोकांच्या ओळखीच्या झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला लोकांच्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव दिलं. नंतर गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं आणि त्या ३९ गावांमध्ये बालमृत्यू दर हजारी १२१ वरून ३० वर आला. हे आकडे वाचताना मला नेहमी वाटतं की याच्या मुळाशी एक प्रश्न विचारणं आहे, तुम्ही का येत नाही, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा राग न येणं.

सोबत कोण होतं हा प्रश्न गाळू नका. सावित्रीबाईंच्या सोबत जोतीराव होते, फातिमा शेख होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांना उपाशी राहायला लागू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. नाव एकाचं राहतं, काम दोघा-चौघांचं असतं, म्हणून तुम्हीही एकट्याने सुरू करू नका, एक तरी माणूस बरोबर घ्या.

भीतीचा प्रश्न मात्र मी आधी लिहिलाच नव्हता, तो बाबा आमटेंमुळे वाढवला. त्यांना रस्त्याच्या कडेला पावसात पडलेला कुष्ठरोगी दिसला, तुळशीराम, अंगात किडे पडलेले. आणि ते घाबरून निघून गेले. निघून गेले हे त्यांनीच सांगितलंय, लपवलं नाही. मग त्या भीतीने त्यांना झोप लागू दिली नाही, ते परत गेले, त्याची सेवा केली, आणि नंतर कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं रीतसर शिक्षण घेतलं. आनंदवन सहा रुग्णांना घेऊन सुरू झालं. मला हे वाचून खूप मोकळं वाटलं होतं. पहिल्यांदा पळून जाणं हे तुम्ही त्या कामाच्या लायकीचे नसल्याचं लक्षण नाहीये. परत जाता येतं. आणि परत जाताना शिकून जाता येतं, हेही तितकंच महत्त्वाचं, कारण नुसत्या कळवळ्याने जखम नीट बांधता येत नाही.

शिकण्यावरून सावित्रीबाई परत आठवल्या. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जायचा हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो आणि डोळे पाणावतात. त्यांनी काय केलं? दुसरं लुगडं सोबत न्यायला सुरुवात केली. शाळेत पोचल्यावर बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. म्हणजे उद्याही शेण पडणार हे गृहीत धरून त्यांनी तयारी केली, लोक सुधारायची वाट बघत बसल्या नाहीत. तुमच्या कामातलं 'दुसरं लुगडं' काय असेल ते सुरुवातीलाच ठरवून ठेवा. माझ्यासाठी ते होतं की समोरचा वाकडं बोलला तर काय बोलायचं त्याची दोन वाक्यं घरूनच लिहून न्यायची. खूप उपयोग झाला, अजूनही होतो.

आता पहिलं काम

वही भरली की पंधरा दिवसांच्या आत काहीतरी करायचंच, नाहीतर वाचनाचीच सवय लागते, आणि ती सवय छान वाटते म्हणून जास्त धोक्याची. पहिलं काम निवडताना मी हे बघते: आठवड्याला दोन तासांत बसतंय का, कुणाची परवानगी न लागता सुरू करता येतंय का, पैसे जवळजवळ लागत नाहीत ना, आणि संपल्यावर मोजता येईल असं काही उरतंय का. संस्था रजिस्टर करणं, लोगो, नाव, बॅनर, पेज, हे सगळं नंतर, खूप नंतर. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये तोंडी तलाकविरोधात विधानभवनावर मोर्चा काढला तेव्हा त्यात सात बायका होत्या. सात! मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं ते १९७० मध्ये. आधी काम, मग मंडळ.

माझं सांगते. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सेवा ही असंघटित कष्टकरी बायकांची युनियन नोंदवायला घेतली तेव्हा अधिकारी म्हणाले की या बायकांना मालकच नाही, मग युनियन कुणाच्या विरोधात? त्यांचं म्हणणं होतं की युनियन कुणाच्या विरोधासाठीच असते असं नाही, कामगारांच्या एकजुटीसाठी असते. मग १९७४ मध्ये चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. आता बँक म्हटली की सही आली आणि बऱ्याच जणींना सही येत नव्हती. तर खात्याला फोटो लावायचा, फोटोवरून ओळख पटवायची. एवढा साधा उपाय! सही येत नाही हा त्या बाईचा दोष आहे असं न धरता, व्यवस्थेत ती अडते कुठे ते बघून तेवढीच जागा बदलली.

हे वाचून मी ठरवलं की मला जी जागा दिसते तिथेच बसायचं. एका कार्यालयाबाहेर, जिथे पेन्शन आणि इतर दाखल्यांसाठी म्हातारी माणसं येतात, शनिवारी सकाळी दोन तास, एक मैत्रीण आणि मी, दोन पेनं, एक वही. फॉर्म भरून देऊ का, एवढंच विचारायचं. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही, लोकांना वाटलं आम्ही एजंट आहोत, पैसे मागणार. दुसऱ्या शनिवारी एक आजी आल्या, त्यांचा फॉर्म भरला, पैसे घेतले नाहीत म्हटल्यावर त्यांनीच बाकीच्यांना सांगितलं. महिनाभरात अकरा जण झाले. अकरा म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्या वहीत आम्ही प्रत्येकाचं काम कुठे अडलं ते लिहीत होतो (नाव-पत्ता लिहीत नव्हतो, फक्त कारण), आणि अकरापैकी पाच जणांचं एकच कारण निघालं, दोन कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगळं. त्यावर काय करायचं हे खिडकीवर कुणी सांगतच नव्हतं, नुसतं परत पाठवत होते. मग आम्ही त्याची नीट माहिती काढली, नाव दुरुस्त करायला काय काय लागतं त्याचा एक मोठ्या अक्षरातला कागद बनवला आणि तो तिथे लावू द्या म्हणून निवेदन दिलं. पाठपुरावा करायला तीन महिने लागले, चार वेळा जावं लागलं. लागला शेवटी कागद.

ही वही ठेवायची कल्पना आमची नव्हतीच, ती राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेकडून आली. अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही संघटना सुरू केली, प्रश्न होता मजुरीचा, काम करूनही पूर्ण पैसे मिळत नव्हते. त्यांनी मागितलं काय, तर मस्टर रोल, म्हणजे मजुरांचा हजेरीपट दाखवा, हिशोब दाखवा. १९९४ पासून जनसुनावण्या सुरू झाल्या, गावासमोर कागद मोठ्याने वाचले जायचे आणि लोक उठून सांगायचे की हा तर त्या दिवशी कामावर नव्हता, हा तर कधीचा वारला. त्या वाचनातून पुढे देशभराची मागणी झाली आणि २००५ मध्ये माहितीचा अधिकार कायदा आला. म्हणून म्हणते, पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. किती जण आले, काय अडलं, काय सुटलं, काय नाही सुटलं. सहा महिन्यांनी तुमच्या मनाला वाटतं म्हणून काही बोलायची वेळ येणार नाही, वही बोलेल, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला वहीचं ऐकावं लागतं.

एक विनंती, पहिले तीन महिने फोटो टाकू नका. ज्यांच्यासाठी काम करता त्यांचे तर अजिबातच नको, त्यांच्या अडचणीतले चेहरे आपल्या कौतुकासाठी नाहीयेत. आणि दुसरं असं की लाईक मिळाले की काम झाल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खरं कामच खाऊन टाकतं, मी आजूबाजूला हे होताना खूप पाहिलंय.

जिवंत कार्यकर्त्याला भेटा

वाचण्यापेक्षा याचा फायदा जास्त होतो. तुमच्याच प्रश्नावर काम करणारं कुणीतरी जवळपास असतंच, टीव्हीवर न येणारं. पण त्यांच्याकडे जाऊन 'मला मार्गदर्शन करा' असं म्हणू नका, या वाक्याला त्यांच्याकडे काय उत्तर असणार. नेमकं विचारा: सुरुवातीला लोकांचा विश्वास बसायला किती दिवस लागले, सगळ्यात मोठी चूक कोणती झाली, आज मी अर्धा दिवस दिला तर कुठलं काम माझ्याकडे द्याल? आणि जे काम देतील ते करा, खुर्च्या उचलायला सांगितल्या तर खुर्च्या, फाईल लावायला सांगितली तर फाईल. बैठकीत चहा कोण करतं, न बोलणाऱ्या माणसाला कोण बोलतं करतं, वाद झाला तर कोण कसं मिटवतं, चळवळ कशी चालते ते या सगळ्यात दिसतं आणि ते कुठल्याच भाषणात सांगितलं जात नाही.

भक्ती नको

हे जरा नाजूक आहे पण बोलायलाच हवं. निवडलेल्या माणसावर आपलं प्रेम बसतं, आणि मग त्यांच्यात काही उणं दिसलं, त्यांच्यावर टीका वाचली, की एकतर आपण चिडतो नाहीतर सगळ्यावरचाच विश्वास उडून काम सोडतो. दोन्ही करू नका. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना सांगितलं होतं की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल पण राजकारणात भक्ती हा अधोगतीचा मार्ग आहे. समाजकार्यातही मला ते तितकंच खरं वाटतं. वहीत एक पान यासाठीही ठेवा, त्यांचं काय पटलं नाही, मी असते तर काय वेगळं केलं असतं. मी हे पान भरलंय आणि त्याने माझा आदर कमी झाला नाही, उलट ती माणसं जवळची वाटायला लागली.

कुणी आलंच नाही, काही बदललंच नाही तर?

होईल असं. आमचेही मध्ये सलग चार शनिवार रिकामे गेले, पाचव्याला मैत्रीण म्हणाली की बंद करूया का, आणि मला तिला काय उत्तर द्यावं कळेना. तेव्हा र. धों. कर्व्यांची वर्षं मोजत बसले होते. १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, प्राध्यापकाची नोकरी गेली, १९२७ मध्ये मासिक काढलं, त्यावर खटले झाले, आणि तरी १९५३ मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. किंवा डॉ. नरेंद्र दाभोलकर, जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीड दशकाहून जास्त पाठपुरावा, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर कायदा झाला. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, आणि आपल्या चार शनिवारांची त्यांच्या त्यागाशी तुलना तर होऊच शकत नाही. पण त्यांच्या वर्षांपुढे आपले आठवडे ठेवून बघितले की एवढ्यात थांबायचं कारण नाही हे कळतं.

तरीसुद्धा एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासायची, लोक येत नाहीत म्हणजे आपली चिकाटी कमी पडतेय की आपली पद्धतच चुकतेय? बंग दांपत्याचा प्रश्न इथे परत विचारायचा, तुम्ही का येत नाही. आम्ही विचारलं. उत्तर मिळालं की शनिवारी ते कार्यालय अर्धा वेळच चालू असतं म्हणून लांबून येणारे लोक सोमवारी येतात. एवढंच कारण होतं! आम्ही सोमवारचे सुट्टीचे दोन तास मागून घेतले, मैत्रिणीने एक आठवडा, मी एक आठवडा.

दमायला होतं हेही खरं. घरच्यांना वेळ कमी पडतो, कधी तब्येत साथ देत नाही, मग एक महिना थांबायचं, पण कधी परत सुरू करणार ती तारीख ठरवून आणि सोबतच्या माणसाला सांगून थांबायचं. मी एकदा नुसतीच थांबले होते तर आठ महिने गेले.

आणि वहीतलं पहिलं पान आज रात्रीच लिहा, जेवण झाल्यावर, दहा मिनिटं. वर तारीख टाका. खाली एकच ओळ, मला रोज काय खटकतं. उद्या कुणाला बरोबर घेणार त्याचं नाव त्याच्याखाली लिहा आणि झोपायच्या आधी त्यांना फोन करा.